उजव्या हाताचं कुंपण

“या बाईंना इथं कोणी ओळखतं का?” असं त्या मुलीनं खुर्चीतून अर्धवट उठून सगळ्या रांगेला विचारलं. रांगेतल्या माणसांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग आपापल्या फोनकडे बघितलं. मुलगी वाईट नव्हती. तिच्या गळ्यातल्या पट्टीवर निरोशिनी असं नाव होतं, आणि बिथरलेल्या घोड्याला शांत करावं तशी ती मघापासून दोन्ही हातांनी मला समजावत होती. मला त्या हातांचाच राग आला. मी मत द्यायला आले होते, गोंजारून घ्यायला नाही. शाळेच्या त्या नव्या व्यायामशाळेत रबराचा आणि ओल्या कोटांचा वास कोंडला होता. जमिनीवर खेळाच्या रंगीत रेघा आखलेल्या होत्या. मी ज्या पिवळ्या रेघेवर उभी होते तिच्या खाली, सिमेंटच्याही खाली, एक झरा आहे. तो ऑर्व्हल पर्डीच्या वैरणीच्या शेतातला झरा. दर वसंतात त्याचा ट्रॅक्टर तिथं रुतायचा. माझा नवरा लाइल कुंपणाच्या अलीकडे उभा राहून बघायचा. पर्डीनं मागितल्याशिवाय तो ट्रॅक्टर ओढायला आपली घोडी न्यायचा नाही, आणि पर्डी काही मागायचा नाही. तो फावड्यानं चिखल उपसत बसायचा. लाइल दूध काढून परत आला तरी तो उपसतच असायचा आणि हा पुन्हा कुंपणाशी जाऊन उभा राहायचा. त्या दोघांनी असे कितीतरी दिवस एकमेकांना बघण्यात घालवले. आता त्या झऱ्यावर पोरं चेंडू आपटतात, आणि मी कोण ते कोणाला तरी विचारावं लागतं.

“मिसेस रटन,” निरोशिनी पुन्हा हळू आवाजात म्हणाली, “तुमचं नाव यादीत आहे हो. पण यादीत तुमचं घर पर्डी मेडोज ड्राइव्हवर आहे. आणि तुमच्या कागदांवर बघा, पेन्शनच्या आणि बँकेच्यासुद्धा, ग्रामीण टपाल मार्ग तीन एवढंच आहे. असा पत्ता आता राहिलेला नाही.”

“म्हणजे मीही राहिलेली नाही.”

“तसं नाही म्हणत मी. मतदानाचं कार्ड आलं असेल ना तुम्हाला घरी? ते आणलं असतं तरी चाललं असतं.”

कार्ड आलं होतं. त्यावर माझं नाव होतं आणि नावाखाली रस्त्याचं ते दुसरं नाव होतं, म्हणून मी ते चुलीत घातलं. त्या नावाचं जे जे येतं ते मी चुलीत घालते, नाहीतर ‘इथं राहत नाही’ असं लिहून परत पाठवते. गॉर्डी टपालवाला जुना माणूस. तो मार्ग तीन म्हणूनच माझी पत्रं आणून टाकतो आणि वर हसतो. “हेट्टी, तू सरकारशी लढतेस का रस्त्याच्या पाटीशी?” पण गॉर्डी खाडीच्या पलीकडे राहतो, त्याचं मत दुसऱ्या केंद्रात. गाडीचा परवाना होता तोवर प्रश्न नव्हता. उन्हाळ्यात डोळे तपासणाऱ्या पोरानं मला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मला अक्षरं येतात. लग्नानंतर, बियाण्यांच्या पाकिटांवरून शिकले मी ती. पण येणं वेगळं आणि दिसणं वेगळं. परवाना गेला. आज मी घरापासून इथवर रस्त्याच्या कडेनं चालत आले. मक्याची उभी पिकं संपली की एकदम पदपथ सुरू होतो, एकसारख्या राखाडी छपरांची घरं सुरू होतात, आणि गाड्यांतली माणसं, चालणारी म्हातारी म्हणजे हरवलेलीच असणार अशा नजरेनं बघतात. एकीनं काच खाली करून विचारलंही. रांगेत माझ्या पुढं बाबागाडी घेऊन उभी असलेली बाई तर गोड हसून म्हणाली होती, “इथं नव्यानं राहायला आलात का?” मी तिला म्हटलं, “हो, परवाच.” ती म्हणाली, “आवडेल तुम्हाला. लोक फार चांगले आहेत.”

आता ती चांगली लोकं रांगेत उभी होती. मला ती ओळखत नव्हती, पण मी त्यांना ओळखत होते. म्हणजे त्यांची कुत्री ओळखत होते. ते तांबडं कुत्रं, जे माझ्या कोंबड्यांच्या मागं लागतं, ते त्या कॉफीचा पेला धरलेल्या माणसाचं. तो मला म्हणाला होता की शेणाचा वास येतो, खिडकी उघडता येत नाही, काही करता येईल का? मी म्हटलं होतं, येईल, खिडकी लावून घे. त्यानं मला आत्ता ओळखलं असणार. पण ओळखणं म्हणजे खाली मान घालून कागदावर सही करणं, आणि तेवढा वेळ कोणाकडे होता? शिवाय निरोशिनीनं नियम मोठ्यानं वाचून दाखवला होता. याच केंद्रातला मतदार हवा, आणि एक माणूस एकाचीच ओळख देऊ शकतो, दुसऱ्याची नाही. जणू ओळख ही घरात एकुलती एक असलेली कोंबडी आहे, ती कोणासाठी कापायची हे नीट बघून ठरवायचं. मला वाटलं, जावं परत. पण परत जाणं म्हणजे ऑर्व्हलच्या पोराच्या, ग्रँट पर्डीच्या विरुद्धचं एक मत कमी, आणि ते मी होऊ देणार नव्हते. उन्हाळ्यापासून मी याच एका दिवसासाठी जगत होते म्हटलं तरी चालेल. अंगणात मी त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या गुरांच्या डॉक्टर मोइरा टिंडलची लाल पाटी लावली होती. कोणीतरी ती उपटली, मी पुन्हा लावली. पुन्हा उपटली, मग मी तिच्या पायाशी दगड रचले. आमच्या मतदारसंघाचा अर्धा भाग दगड आणि दलदल, अर्धा भाग ही छपरं. निवडणुकीत कोणता अर्धा जड होतो तेवढंच बघायचं, आणि या वेळी काटा कोणाकडे झुकेल ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

“मी ओळखतो तिला.”

आवाज दाराजवळच्या बाकावरून आला. मला वळून बघायची गरज नव्हती. तो आवाज मी ऐकत आलेय टेलिफोनच्या तारेवरून, जेव्हा आमच्या अख्ख्या रस्त्याला एकच तार होती आणि रिसीव्हर उचलला की पर्डीच्या घरातला खोकला ऐकू यायचा. कुंपणावरून ऐकत आलेय, चर्चच्या मागच्या बाकावरून ऐकत आलेय. त्या आवाजानं माझ्याशी आयुष्यात चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही. वाईटही फार नाही. ज्याला काही बोलायचंच नसतं, त्याचा आवाज सगळ्यात नीट ओळखू येतो. ऑर्व्हल बुटाची नाडी बांधायला बसला होता. ती अर्धीच बांधून तो उठला आणि पाय ओढत टेबलाशी आला. गेल्या वर्षभरात किती वाळला होता! ग्रँटच्या पत्रकावर बरा दिसत होता. त्या पत्रकात पोरगा पुढं, दात दाखवत, आणि मागं हा बाप, गवती टोपी घालून कुंपणाला टेकलेला. खाली छापलं होतं, मातीतला माणूस. टोपी नवी होती, अंगातल्या कामाच्या कपड्यांवर दुकानातल्या घड्या तशाच होत्या, आणि कुंपण तर कुठून तरी उचलून आणून हिरवळीवर उभं केलं होतं. त्याच्या खांबांना माती लागलेली नव्हती. मी ते पत्रक बघून एकटीच मोठ्यानं हसले होते, आणि मग खुराड्यात कोंबड्यांखाली अंथरलं होतं, बापलेकांचे चेहरे वर येतील असं.

“तुमचं मत झालंय ना, सर?” निरोशिनीनं विचारलं.

“झालंय. पण ओळख तर शिल्लक आहे ना माझी? मग हिच्यावर घालवतो.” त्यानं परवाना टेबलावर टाकला. “घे बघून.”

तिनं नाव वाचलं आणि तिचा चेहरा उजळला. “पर्डी? म्हणजे तुम्ही त्या रस्त्याच्या पर्डींपैकी?”

“पैकी कसला? मीच तो रस्ता,” ऑर्व्हल म्हणाला. “तुम्ही सगळे रोज माझ्या अंगावरून गाड्या नेता.”

कॉफीवाला हसला. बाबागाडीवालीही हसली. मी हसले नाही. तो हे माझ्यासाठी बोलला होता, हे त्या दोघांना कळायचं कारण नव्हतं. हा रस्ता आधी रटनचा आडरस्ता होता. लाइलच्या आजोबांनी बैलजोडी लावून झाडांचे बुंधे उपटले आणि तो काढला. कोपऱ्यावर खांबाला पाटी होती. दर हिवाळ्यात बर्फ सारणारी गाडी तो खांब वाकवून जायची, आणि बर्फ उतरलं की लाइल पहिलं काम काय करायचा, तर तो खांब सरळ करायचा, मग नांगर. ऑर्व्हलनं मागची शेतं घरं बांधणाऱ्यांना विकली आणि त्यांतल्याच एका नव्या घरात राहायला गेला. मग त्याचा ग्रँट, जो तीच घरं विकत होता, गावच्या पंचायतीवर निवडून आला. त्यानं ठराव मांडला की रटन नावाचे दोन रस्ते असल्यानं रुग्णवाहिकेचा गोंधळ होतो, तेव्हा एकाचं नाव बदलू. कोणाचं बदलायचं ते आधीच ठरलं होतं. लाइल त्या सभेला गेला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याला बोलायचं होतं, पण भर सभेत बोलायची सवय आम्हा कोणालाच नाही. तो उभाच राहिला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “धन्यवाद, मिस्टर रटन.” ऑर्व्हल त्या दिवशी मागच्या रांगेत बसला होता. तोही काही बोलला नाही. मी लाइलच्या शेजारी बसून मागं वळून ऑर्व्हलच्या मानेकडे बघत होते. ही मान इथंच मोडावी, असं मी मनात म्हणाले होते. आज इतक्या वर्षांनी ती मान माझ्या पुढ्यात होती, कोंबडीसारखी, सुरकुतलेली, आणि माझ्यासाठी वाकून कागद वाचत होती.

“तुम्ही यांना प्रत्यक्ष ओळखता?” निरोशिनीनं कागदावर बघत विचारलं. तिला तसं विचारावंच लागत होतं.

“हिला ना?” ऑर्व्हल म्हणाला. “ही नवरी म्हणून या रस्त्यावर आली तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या डुकरांना दगड मारले हिनं.”

“तुझी डुकरं माझ्या बटाट्यात होती.”

“कारण नवऱ्यानं कुंपण नीट केलं नव्हतं.”

“तो अर्धा तुझा होता, ऑर्व्हल.”

“माझा कधी? मधल्या दगडाशी उभा राहून बघ तू...”

“सर,” निरोशिनी म्हणाली, “फक्त हो किंवा नाही.”

“हो,” तो म्हणाला. “ओळखतो. दुर्दैवानं.”

कुंपणाचा इथला नियम कोणी लिहून ठेवलेला नाही. दोन शेतांच्या मधल्या कुंपणाच्या बरोबर मध्यावर दगड असतो. त्या दगडाशी दोघा शेजाऱ्यांनी समोरासमोर उभं राहायचं आणि आपापल्या उजव्या हाताचा अर्धा भाग आयुष्यभर सांभाळायचा. समोरच्याचा उजवा तो आपला डावा, म्हणून भांडण नाही. असं म्हणतात. लाइल आणि ऑर्व्हल दर वसंतात त्या दगडाशी यायचे, मानही न हलवता उभे राहायचे, आणि एकमेकांकडे पाठ करून दोन दिशांना निघायचे, खांद्यावर तारेचं वेटोळं, तोंडात खिळे. एका वर्षी लाइलचं आतडं कापलं, तो दवाखान्यात पडला होता, आणि मी एकटीनं गुरं बघत होते. एका सकाळी उठून बघते तर आमचा अर्धा नीट झालेला. खांब सरळ, तारा ताणलेल्या. ऑर्व्हलनं पहाटेच येऊन केलं होतं, न बोलता. मी लाइलला दवाखान्यात सांगितलं नाही. तो घरी आला, काठी घेऊन कुंपणाकडे गेला, एका खांबाशी वाकला आणि त्याला कळलं. खिळे वेगळ्या हातानं मारलेले होते. डॉक्टरनं काहीही उचलायचं नाही असं सांगितलं होतं. तरी पक्कड घेऊन त्यानं ऑर्व्हलचा एकूण एक खिळा उपसून काढला, तारा सोडल्या, आणि पुन्हा स्वतः मारल्या. त्याला महिना लागला. दर संध्याकाळी तो पोट दाबत परत यायचा, आणि तरी त्याच्या चेहऱ्यावर मी लग्नापासून न पाहिलेलं समाधान असायचं. उपसलेले खिळे त्यानं डब्यात भरले आणि तो डबा पर्डीच्या टपालपेटीत ठेवून आला. मला तेव्हा वाटलं होतं की मला नवरा बरोबर मिळाला.

“आता तुम्ही इथं लिहायचं, मिसेस रटन,” निरोशिनी म्हणाली. “तुमचं नाव आणि राहण्याचा पत्ता. रस्त्याचं नाव पूर्ण लिहा. यादीत आहे तसंच.”

मी पेन हातात घेतलं. नाव लिहिलं. हेनरिएटा रटन. माझं अक्षर मोठं आहे, चौकटीच्या बाहेर जातं. पुढची चौकट रिकामी होती. ऑर्व्हल टेबलाला टेकून उभा होता आणि बघत होता. मला माहीत होतं की तो बघणार. म्हणूनच तर तो बाकावरून उठला, असं मला वाटलं. हे नाव माझ्या हातून लिहून घ्यायला, भर लोकांत. मी ते नाव एकाच दिवशी तोंडातून काढलं आहे. लाइल स्वयंपाकघरात खाली पडला होता, त्याचा हात टेबलाच्या पायाभोवती होता, आणि मी टेलिफोनवर ओरडत होते, रटनचा आडरस्ता, रटनचा. पलीकडची पोरगी शांतपणे म्हणत होती की असा रस्ता तिला दिसत नाही, बाई, दुसरं काही नाव आहे का? मी लाइलकडे बघितलं. त्याचे डोळे उघडे होते. आणि मी ते नाव घेतलं. दोनदा घेतलं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं. रुग्णवाहिका लगेच आली, अगदी ग्रँटनं सभेत सांगितली होती तशी, काहीही गोंधळ न होता. तिचा उपयोग झाला नाही. लाइलनं या जगात शेवटचं ऐकलं ते त्याच्या बायकोच्या तोंडून पर्डीचं नाव. त्यानंतर मी ठरवलं की पुन्हा नाही. पत्रं गेली, कार्डं गेली, सवलतीचे कागद गेले, चुलीत गेले. आणि आता ही चौकट, आणि पेन, आणि या टेबलापलीकडे पुठ्ठ्याचा तो आडोसा, जिथं जाऊन मला त्याच्या पोराला आडवं करायचं होतं. तिथं जायचं तर वाट या नावावरूनच होती. मी लिहिलं. एकेक अक्षर, बियाण्याच्या पाकिटावरून शिकावं तसं. 

“शाब्बास,” ऑर्व्हल म्हणाला.

“गप्प बस.”

मग त्याला सही करायची होती. तो कागदावर वाकला, त्याचं डोकं माझ्या खांद्याजवळ आलं, त्याला साबणाचा आणि तंबाखूचा वास येत होता. जुन्या पर्डीला गुरांचा वास यायचा. सही करता करता, निरोशिनीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला, “नीट मार, हेट्टी. माझ्या हातानं नाही झालं.”

आणि तो बाहेर गेला, एक नाडी जमिनीवर लोळवत.

निरोशिनीनं मतपत्रिका घडी घालून दिली, आत जा म्हणाली, पेन्सिल तिथंच आहे म्हणाली. मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन उभी राहिले. नावं एकाखाली एक होती. अक्षरं यायच्या आधी, पहिल्या निवडणुकांत लाइल मला घरीच सांगायचा, वरून दुसरं, नाहीतर खालून तिसरं, आणि मी फुल्या मारायचे. आता कागद डोळ्यांशी धरला की नावं वाचता येत होती. पर्डी, ग्रँट. त्याच्या खाली टिंडल, मोइरा. मी पेन्सिल उचलली आणि तेव्हा मला ऑर्व्हलचं बोलणं नीट कळलं. त्याच्या हातानं नाही झालं. म्हणजे त्याच्या हातानं पोराचं नाव ओलांडून खाली जाणं झालं नाही. तो तिथं उभा राहिला असणार, याच पुठ्ठ्यामागे, आणि बापाचा हात जिथं जायचा तिथं गेला. आणि मग तो बाहेर येऊन बाकावर बसला आणि ती नाडी बांधत राहिला. कदाचित कितीतरी वेळ बांधत होता. नाव घ्यायला लावायचं म्हणून तो उठला नव्हता. मी आत जावं म्हणून उठला होता. साऱ्या केंद्रात एकच माणूस असा होता, ज्याच्याबद्दल त्याला रतीभरही शंका नव्हती की तो ग्रँटच्या विरुद्ध मत देईल. त्यानं आपली एकुलती एक ओळख तिथं खर्च केली. मला ती दुकानातली टोपी आठवली, ते हिरवळीवरचं उपरं कुंपण. ते खांब त्याच्या कोपराखाली हलत असणार. ज्यानं जन्मभर खांब रोवले त्याला फोटोसाठी न रोवलेल्या खांबाला टेकून उभं केलं होतं. गेल्या उन्हाळ्यात तो एकदा आमच्या हद्दीशी उभा दिसला होता. तिथं त्याचा अर्धा आता उरलेला नाही, उंच फळ्या आहेत, पण मधला दगड आहे. तो दगडाशी उभा होता, तोंड माझ्या शेताकडे, हात मोकळे. मी मुद्दाम दार आपटलं तेव्हा गेला.

मला त्याची दया आली असं कोणाला वाटेल. नाही आली. मला संताप आला. माझ्या आत एवढी वर्षं जे जपलं होतं, लाइलच्या हातातल्या टोपीपासून, त्या सभेतल्या धन्यवादापासून, टेबलाच्या पायाभोवतीच्या त्या हातापासून, ते घेऊन मी चालत आले होते. आणि या माणसानं दाराशी बसून ते स्वतःच्या कामाला लावलं. त्याच्या घरातलं भांडण, त्याच्या पोराशी त्याचा हिशेब, तो मी चुकवायचा. त्याला वाईटही दिसायचं नाही, आणि पोरगाही पडायचा. मी पेन्सिल धरून उभी राहिले. टिंडलच्या नावापुढं फुली केली तर ती त्याची फुली होती, माझ्या हातानं मारलेला त्याचा खिळा. पोराच्या नावापुढं केली तर लाइल थडग्यात कूस बदलेल. आणि काहीच न करता कोरा कागद घालावा, तर इतका वेळ ते नाव लिहिलं कशासाठी? बाहेर कोणीतरी खोकलं. पुठ्ठ्यावर कोणाच्या तरी मुलानं पेन्सिलीनं मांजर काढलं होतं. पायाखाली, सिमेंटच्या खाली झरा होता. तो बंद झाला असेल असं मला वाटत नाही, पाणी असं बंद होत नाही, ते बाजूला सरकतं. निरोशिनी हळूच म्हणाली, “मिसेस रटन, सगळं ठीक आहे ना?”

“ठीक आहे,” मी म्हटलं. “पेन्सिल बोथट आहे.”

मधल्या दगडाशी उभं राहायचं आणि आपला उजवा अर्धा करायचा. समोरचा त्याचा करो न करो, त्याची गुरं आत येवोत, तरी आपला अर्धा आपलाच. मी उजव्या हातानं टिंडलच्या नावापुढं फुली केली. जोर देऊन केली, कागदाच्या मागं उमटली. घडी घातली, निरोशिनीनं तिची कड फाडली, आणि मी ती माझ्या हातानं पेटीत टाकली. ती म्हणाली, “छान दिवस जावो.” मी म्हटलं, “बघू.”

बाहेर गार वारा सुटला होता. रानहंसांची एक लांब ओळ ओरडत दक्षिणेकडे चालली होती. गाड्यांच्या त्या पटांगणात ऑर्व्हलचं जुनं पिकअप दारासमोरच आडवं उभं होतं, काच खाली केलेली. तो माझी वाट बघत होता हे लपवायचीही त्यानं तसदी घेतली नव्हती.

“बस,” तो म्हणाला. “सोडतो घरी. चालत किती वेळ लागेल?”

“आले तेवढाच.”

“हट्टी आहेस.” त्यानं इकडं तिकडं बघितलं, आणि मान खिडकीबाहेर काढली. “झालं ना?”

“झालं.”

“नीट?”

कुंपणातल्या खांबाशी वाकून लाइलनं पहिला खिळा ओळखला तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला असेल ते मी पाहिलं नव्हतं. पण मला वाटतं तो असाच झाला असेल, जसा त्या क्षणी माझा आतून झाला.

“नीट,” मी म्हटलं. “तुझ्या ग्रँटला दिलं.”

ऑर्व्हल हसला. मग हसणं अर्ध्यावर थांबलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, डुकरं बटाट्यात शिरली होती त्या दिवसापासून त्यानं इतका वेळ कधी बघितलं नसेल.

“खोटं बोलतेस.”

“तुझंच शेत होतं ते. जा, पेटी उघडून बघ.”

“तू? त्याला? तू मेलीस तरी...”

“का? तूही दिलंसच की. शेजारधर्म.”

“हेट्टी.” त्याच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. “हेट्टी, खरं सांग. मी एकाचीच ओळख देऊ शकत होतो.”

“मग चांगल्या माणसाची द्यायची होतीस.”

मी चालायला लागले. शाळेचं फाटक ओलांडलं, पदपथावरून गेले, एकसारखी छपरं गेली, एका अंगणात ग्रँटची निळी पाटी, दुसऱ्यात मोइराची लाल, तिसऱ्यात दोन्ही, नवराबायकोची असणार. तांबडं कुत्रं फळ्यांच्या फटीतून माझ्यावर भुंकलं. रात्री आकडे सांगतील, कोण आला कोण पडला ते सगळ्यांना कळेल. पण कोणत्या हातानं काय केलं ते त्या आकड्यांत नसतं. पोरगा आला तर ऑर्व्हलला वाटेल मी आणला. पडला तर वाटेल मी पाडला, पण खात्री कधीच नाही. तो त्या नव्या घरात, नव्या खिडकीशी बसून माझ्या शेताकडे बघेल आणि त्याला कळणार नाही. कोपऱ्यावर आले तेव्हा पाय दुखत होते. रस्त्याच्या नावाची हिरवी पाटी तिच्या खांबावर वाकडी झाली होती, गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या गाडीनं वाकवलेली, आणि ती सरळ करायला या रस्त्यावर आता कोणी नाही. मी खांबाला धरून थोडी टेकले. कान मागं लावले. त्या जुन्या पिकअपचा आवाज मला मैलावरूनही कळतो. वारा शाळेकडूनच येत होता, तरी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नव्हता.